अठ्ठाविसावी मूठ

१९८७ सालच्या श्रावणात, एका सोमवारी भर दुपारी, मी एका अख्ख्या भाऊबंदकीचं देवकार्य गंगाफळाच्या भाजीला लावून खाऊन टाकलं. खाताना ती मला फक्त तूप लावलेली जाडशी पोळी वाटली. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे ते एवढंच.

मी मूळचा राजापूरकडचा. पारोळा तालुक्यातल्या उंबरपाट नावाच्या गावात मास्तर म्हणून येऊन मला चौदा महिने झाले होते. राहायला धुरपदाबाईंच्या घरची पुढची खोली होती आणि जेवण त्यांच्याच चुलीवरचं. त्या शनिवारी-रविवारी मतदारयाद्यांच्या कामासाठी तालुक्याला जावं लागलं. सरकारला मास्तर शिकवण्यापेक्षा माणसं मोजायला जास्त लागतो. सोमवारी बाराच्या एस.टी.नं उतरलो तेव्हा सकाळपासून पोटात एक कप चहा होता. घरी आलो तर दार सताड उघडं आणि आत कोणी नाही. लांब नदीकडून ढोल ऐकू येत होता. चुलीशेजारी धुतलेल्या कापडाखाली एक टोपलं होतं. त्यात त्या जाडशा पोळ्या, म्हणजे रोट, आणि पातेल्यात लाल भोपळ्याची भाजी. या भोपळ्याला तिकडे गंगाफळ म्हणतात.

आता हे खरं की शुक्रवारीच धुरपदाबाईंनी मला बजावलं होतं. आमच्या कानबाईचे, म्हणजे कुळाच्या देवीचे, रोट आहेत, सोमवारी दिवस मावळेपर्यंत रतिलालच्या हॉटेलात जेव, असं त्या म्हणाल्या होत्या. पण आमच्या कोकणात ‘तिकडे जेव’ याचा अर्थ ‘अजून एकदा विचारलं तर इथेच जेव’ असा होतो. शिवाय आमच्याकडे देवाचा प्रसाद रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून आत आणून देतात, आणि नको म्हणणाऱ्याला पुढं वर्षभर नावं ठेवतात. खानदेशात ‘तिकडे जेव’ म्हणजे तिकडे जेव. हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

मी ताट वाढून घेतलं. दोन रोट संपवले. तिसऱ्याचा शेवटचा तुकडा दारातल्या कुत्र्याला टाकावा म्हणून हात उचलला, आणि समोर बघतो तर कुत्र्याच्या मागे सुकदेवभाऊ उभे. हे धुरपदाबाईंचे धाकटे दीर. अंगावर गुलाल आणि पाय गुडघ्यापर्यंत ओले. त्यांनी ताटाकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो तुकडा पटकन स्वतःच्याच तोंडात घातला. त्या घटकेला तेच एक शहाणपण सुचलं, आणि पुढं कळलं की चौदा महिन्यांत केलेलं ते माझं एकमेव बरोबर काम होतं.

सुकदेवभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वळले आणि परत नदीच्या वाटेला लागले. थोड्या वेळानं ढोल मधेच थांबला.

ढोल थांबला तिथपासून मिरवणूक अंगणात येईपर्यंत पाव तास गेला असेल. तेवढ्यात धुरपदाबाईंबद्दल सांगून ठेवतो, कारण नंतर सवड मिळणार नाही.

बाई तेव्हा पंचावन्नच्या आसपास होत्या. उंच, काटक, कपाळावर गोंदण. बोलणं इतकं कमी की शब्दाला रेशनकार्ड लागत असावं. माहेर जामनेरकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. तिकडची बोली वेगळी आणि इकडची अहिराणी वेगळी. पहिल्याच आठवड्यात विहिरीवरच्या बायकांनी त्यांच्या बोलण्याच्या नकला केल्या. बाईंनी तोंड मिटलं ते वर्षभर उघडलं नाही. “एक वरीस मी मुकीच व्हतू,” असं त्यांनी मला एकदा सांगितलं, पीठ मळता मळता, जणू गेल्या वर्षी पाऊस कमी होता असं सांगावं तसं. वर्षानंतर तोंड उघडलं ते अस्सल इथल्या बोलीत, आणि नकला करणाऱ्यांना ऐकून घ्यावं लागलं.

नवरा झुलाल नऊ वर्षांपूर्वी साप चावून गेला. मुलगा नव्हता. सुंदर नावाची एक मुलगी, ती धुळ्याकडे दिलेली. घरात पुरुष नाही म्हणून पुढची खोली रिकामी पडली होती, ती त्यांनी मला दिली. गावात कुजबुज झाली तेव्हा त्यांचे थोरले दीर धनसिंगनाना यांनी ती एका वाक्यात मिटवली. मास्तर म्हणजे शाळेची वस्तू आहे, फळ्यासारखी, कुठंतरी टेकवून ठेवायलाच हवी, असं ते म्हणाले.

मला गावात टेकवलं धुरपदाबाईंनीच. पहिले तीन महिने वर्गात मी एकटाच बोलत होतो. पोरं माझ्याकडे बघत, पण उत्तर म्हणून देत नसत. त्यातही जे बोलत ते मला ‘मास्तर, तू’ म्हणत. तू कधी आला, तू काय खाल्लं. आमच्याकडे गुरुजींना तू म्हणणाऱ्याला अंगठे धरायला लावत. मी रात्री खोलीत बसून बदलीचे अर्ज लिहायचो. एकदा जेवताना मी बाईंपुढं रडगाणं गायलो की पोरं मुकी आहेत, काही शिकत नाहीत. बाईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाल्या, “पोरे मुका नहीत, मास्तर. तूच बहिरा शे.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाई मला कापसाच्या निंदणीला घेऊन गेल्या. तिथं माझीच पोरं ओळीत बसून इतकी बोलत होती की पाखरं उडून जावीत. मी हातात विळा घेतला, चार कापसाची रोपं उपटली, सगळे हसले, आणि त्या हसण्यानंतर वर्ग सुरू झाला. पुढच्याच आठवड्यात मी समुद्राचा धडा शिकवत होतो, घरच्या आठवणीत पार बुडालो होतो, आणि एका मुलीनं उठून विचारलं की मास्तर, एवढं पाणी आहे तर मोट कुठं लावतात. मी तिथंच काठाला लागलो. पाणी खारट असतं, पिकाला चालत नाही, असं सांगितल्यावर वर्गाला समुद्राविषयी जी कीव वाटली, ती मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही.

तर अशा बाईंच्या टोपल्यातले रोट मी खाल्ले होते.

मिरवणूक अंगणात आली ती आवाज न करता. तीस-पस्तीस माणसं होती. बायकांच्या लुगड्यांचे काठ ओले, ढोलवाल्यानं ढोल पोटाशी धरलेला. सगळ्यांच्या पुढं धुरपदाबाई. त्यांच्या पदरात नारळ होता. हा नारळ म्हणजेच कानबाई. त्याचं लग्न लावलेलं असतं, त्याला डोळे-नथ लावून पूजतात, नदीवर नेऊन परत आणतात आणि पुढच्या श्रावणापर्यंत देव्हाऱ्यात ठेवतात. सासूनं, भिकुबाईनं, मरताना तो तीन सुनांतल्या मधलीच्या पदरात टाकला होता. सुकदेवभाऊंना ते कधी पटलं नव्हतं. कारण असं की रोटाचा गहू मुठीनं मोजतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची एक मूठ, पाळण्यातल्या बाळाचीसुद्धा. त्यांच्या कुळात सत्तावीस मुठी पडत. धुरपदाबाईंच्या घरची एकही नाही. ज्या घरची मूठ नाही त्या घरात कानबाई का बसवायची, हा सुकदेवभाऊंचा सवाल होता. झुलाल गेल्यापासून ती दुसऱ्या घरी बसत होती; यंदा नानांनी शब्द टाकला म्हणून नऊ वर्षांनी पहिल्यांदा ती या घरात बसली होती.

आणि रोटाचा नियम असा की ज्या कुळाच्या मुठी, त्याच कुळानं तो खायचा. बाहेरच्याला त्यातला कण द्यायचा नाही. दळण दळताना गिरणीवाला जातं धुऊन घेतो. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर टाकायचं नाही, ताटात धुवायचं आणि अंगणात खणलेल्या खड्ड्यात ओतायचं. जावई असो, व्याही असो, लग्न होऊन गेलेली पोटची मुलगी असो, त्यांनाही रोट नाही. ज्या घरातून रोट बाहेर गेला, त्या घरात त्यांच्या कुळाची कानबाई पुन्हा बसत नाही.

हे सगळं मला त्या अंगणात, नानांच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मी खरकट्या हातानं उभा होतो. तूप आणि भाजी बोटांवर सुकत चालली होती. धुवायला सांगत कोणी नव्हतं आणि धुऊ का म्हणून विचारायचं धाडस मला नव्हतं.

नानांनी विचारलं, “मास्तर, तुमले कोनी वाढं?”

मीच घेतलं, असं मी सांगितलं. मग घाबरलेला मास्तर जे करतो ते केलं, म्हणजे भाषण केलं. अनवधानानं, अज्ञानापोटी, क्षमस्व, प्रायश्चित्त म्हणून सात सोमवार निरंकार उपवास, असं बरंच पुस्तकी बोललो. कुणीतरी मागून म्हणालं की हा अजून पोट भरलेलं असताना उपवासाचं बोलतो.

कोणी हसलं नाही.

सुकदेवभाऊ पुढं आले. हा माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्या उन्हाळ्यात त्यांचा धाकटा मुलगा तापानं अकरा दिवस धुळ्याला दवाखान्यात होता. तो वाचला तो कानबाईमुळे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांच्या आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती. “रोट घरना बाहेर गया, नाना. आते ह्या घरमा ती बसाव नही.” आणि त्यांनी दोन्ही हात वहिनीपुढं धरले. “नारय दे, वहिनी.”

धुरपदाबाईंनी पदर आणखी आवळला. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्या नानांकडे बघत होत्या, आणि नाना जमिनीकडे. नानांनी शब्द टाकला होता, पण नियमापुढं नानांचा शब्दही लहान होता. तो नारळ गेला असता तर बाईंकडे पंचावन्न वर्षांचं असं काय उरलं असतं, ते मला दिसत होतं. एक देव्हारा, त्यात मोकळी जागा, आणि पुढच्या खोलीत ती मोकळी करणारा मास्तर.

मग बाई बोलल्या. आवाज नेहमीचा, भाजीत मीठ आहे की नाही ते सांगावं तसा.

“मूठ टाकेल शे मी त्यानी.”

अंगणातली सगळी माणसं एकदम हलल्यासारखी झाली. नानांनी मान वर केली आणि कोणाची मूठ, म्हणून विचारलं. बाईंनी हनुवटीनं मला दाखवलं. दुसरं वर्ष सुरू आहे, हा माझ्या चुलीजवळ जेवतो, माझ्या घरचा माणूस आहे, त्याच्या नावाची मूठ मी टाकली, असं त्यांनी सांगितलं. बाईंना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मागच्या बायकांतून एक काटा आला. “आंडेरले नही, अन् मास्तरले?”

पोटच्या मुलीला नाही आणि मास्तरला. तो वार बरोबर जागी बसला होता. सुंदर गेल्या वर्षी श्रावणात माहेरी आली होती तेव्हा रोटाच्या दिवशी शेजारच्या घरी जेवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. बाई न वळताच म्हणाल्या, “आंडेर दुसराना घर गयी. हाऊ मना घर उना.”

मुलगी दुसऱ्याच्या घरी गेली, हा माझ्या घरी आला. यावर सुकदेवभाऊंना जे सुचलं ते अडचणीचं होतं. नुसतं म्हणून चालणार नाही, ते म्हणाले. गहू मोजताना सूप धरायला माणूस होतं. सत्तावीस की अठ्ठावीस, ते त्या माणसाला विचारू.

सूप धरलं होतं शेवंताबाईंनी. म्हणजे सुकदेवभाऊंच्याच बायकोनं.

सगळे शेवंताबाईंकडे वळले. ती बाई नवऱ्याच्या सावलीत उभी, पदराचं टोक दातात धरलेलं. आणि इथं मला जी धडकी भरली तिचं कारण त्या अंगणात एकट्या मलाच ठाऊक होतं. शेवंताबाई माझ्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला यायच्या. दिवेलागणीला दोन महिने पाटी घेऊन बसल्या होत्या, पण त्यांची गाडी वीसच्या पुढं कधी सरकली नव्हती. वीस झाले की पाटी खाली ठेवून म्हणायच्या, एवढे आहेत कुणाकडे. गावातल्या बाकीच्या बायका विसाविसांनी मोजत. ‘एक ईस आन आठ’ असं त्यांतली कोणीही सहज म्हणाली असती.

शेवंताबाईंनी तोंडातला पदर सोडला. नवऱ्याकडे पाहिलं नाही. धुरपदाबाईंकडेही पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, फळ्यावरचं वाचावं तसं म्हणाल्या, “अठ्ठावीस व्हत्यात.”

माझ्या वर्गात कधी न उमटलेला आकडा.

सुकदेवभाऊंनी बायकोकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हिला कोणी बोटं मोजायला लावलं तर संपलं. तेवढ्यात नानाच माझ्याकडे वळले. म्हातारा हुशार होता. त्यांनी विचारलं, “मास्तर, हिले मोजानं तुम्हीच शिकाडेल शे ना? बराबर मोजस का ती?”

आयुष्यात मी पुष्कळांना पास-नापास केलं. इतका कठीण पेपर पुन्हा तपासला नाही. माझा हात सुकून लाकूड झाला होता. मी म्हणालो, “बरोबर मोजतात, नाना. वर्गात पहिल्या आहेत.”

वर्गात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे हे निदान खोटं नव्हतं.

नानांनी धुरपदाबाईंच्या पदराकडे पाहिलं, सुकदेवभाऊंच्या अजून पसरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि मग अगदी हळू मला म्हणाले, “ताटमाच धोवा हात.”

मला कळलंच नाही. बाकी सगळ्यांना कळलं. धुरपदाबाईंनी नारळ देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, माझं ताट बाहेर आणलं आणि तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. तूप सुटता सुटत नव्हतं. त्यांनी दोनदा घासलं, पोराचं घासावं तसं, जरा रागानंच. ते पाणी नानांनी स्वतः उचलून खड्ड्यात ओतलं. सुकदेवभाऊंनी हात खाली घेतले. ढोलवाल्यानं नानांकडे पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली, पण हलक्या हातानं.

पुढं महिनाभर सुकदेवभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. शेवंताबाईंशी बोलले, कारण तापाच्या त्या अकरा दिवसांत धुळ्याच्या दवाखान्यात पोराच्या उशाशी धुरपदाबाई बसल्या होत्या, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. शेवंताबाई मात्र त्यानंतर वर्गाला फिरकल्या नाहीत. त्यांचं शिक्षण पुरं झालं होतं.

माझं सुरू झालं. भाऊबंदकीत नाव लागल्यावर कळलं की रोट खाणं हा त्यातला सोपा भाग आहे. कुणाचं बाळंतपण, कुणाचं गेलेलं माणूस, कुणाच्या बांधाचं भांडण, सगळीकडे मी. एका लग्नात मला रुसायचासुद्धा मान मिळाला, आणि कसं रुसायचं ते माहीत नसल्यामुळे मी जेवून उठलो, यावर दोन पिढ्या हसल्या. घरी आईला हे सगळं पत्रानं कळवलं. तिनं उलट टपाली विचारलं की तिथं मासे मिळत नाहीत म्हणून तू देव बदललास का. पुढच्या श्रावणात धुरपदाबाईंनी मला सुपापुढं बसवलं आणि माझी मूठ माझ्याच हातानं टाकायला लावली. सूप धरायला शेवंताबाईच होत्या. सुकदेवभाऊ बाजूला उभं राहून मोठ्यानं मोजत होते. अठ्ठावीसला ते थोडे थांबले, पण म्हणाले.

१९९२ ला माझी बदली रत्नागिरीला झाली. याच बदलीसाठी मी एके काळी रात्र रात्र अर्ज लिहीत होतो. पारोळ्याच्या स्टँडवर पोचवायला धुरपदाबाई आल्या होत्या. हातात कापडानं बांधलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी माझ्या पिशवीत घातलं. गाडीला अजून वेळ होता. पाच वर्षं एक गोष्ट मनात सलत होती, आणि पुन्हा कधी विचारायला मिळेल असं वाटत नव्हतं. मी म्हणालो, “अक्का, आता तरी खरं सांगा. त्या वर्षी माझ्या नावाची मूठ टाकली होती का तुम्ही?”

बाईंनी माझ्या पिशवीची गाठ एकदा ओढून बघितली आणि म्हणाल्या, “रोट पचना ना तुले? मंग गप बस.”